सांबारवडी शोधणाऱ्याला तुमचा ब्लॉग सापडतो का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपूरकडचे पदार्थ आणि सणवार यांवर दोन वर्षं ब्लॉगरवर (गूगलच्या ब्लॉग-सेवेवर) लिहिताय. ब्लॉगरच्या 'स्टॅट्स'मध्ये महिन्याला ३,००० वाचनं दिसतात, गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये मात्र जेमतेम ४५० माणसं. खरं कोणतं, आणि त्यावरून ब्लॉग सुधारायचा कसा?

दोन्ही आकडे आपापल्या जागी ठीक आहेत, कारण ते एकच गोष्ट मोजत नाहीत. ब्लॉगर पान उघडल्याची नोंद करतो आणि त्यात बॉटही (माणसं नव्हे, आपोआप पानं उघडणारे प्रोग्रॅम) येतात. अ‍ॅनालिटिक्सचा कोड वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालतो. ओळखीचे बॉट तिथे आपोआप वगळले जातात, पण अ‍ॅड-ब्लॉकर लावलेला खरा वाचकही निसटतो. शिवाय एकाच बाईंनी सात पानं वाचली तर तिकडे सात वाचनं आणि इकडे यूजर एकच. त्यामुळे हा हिशोब कधी जुळायचा नाही, तो नाद सोडा. एक मात्र सांभाळा: स्टॅट्समधल्या 'कुठून आले' या यादीत अनोळखी साइट दिसली तर तिच्यावर क्लिक करू नका. तुम्ही उत्सुकतेने जाऊन बघावं म्हणूनच त्या खोट्या भेटी टाकलेल्या असतात.

आकडे वाचण्याआधी अ‍ॅनालिटिक्सच्या अ‍ॅडमिनमध्ये तीन गोष्टी तपासा. पहिली, टाइम झोन. प्रॉपर्टी (म्हणजे तिथली तुमच्या ब्लॉगची नोंदणी) उघडताना तो बदलायचा राहिला असेल तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा असतो, म्हणजे तुमचा 'दिवस' इथल्या दुपारी साडेबारा किंवा दीडला बदलतो. सकाळी टाकलेल्या पोस्टचे वाचक मग दोन तारखांत विभागले जातात. भारत निवडा, बदल पुढच्या नोंदींनाच लागू होतो. दुसरी, डेटा रिटेन्शन, म्हणजे तपशीलवार नोंदी किती काळ ठेवायच्या ते. मुळात २ महिने असतं, ते १४ करा. नेहमीच्या रिपोर्टना त्याने फरक पडत नाही, पण 'एक्सप्लोर'मध्ये मागचं खोदून बघायचं तर हवंच. तिसरी, तुमच्या स्वतःच्या भेटी. इतक्या कमी वाचकांत रोज दहादा आपलंच पान उघडलं तर सगळं चित्र बिघडतं. घरच्या वायफायचा आयपी (इंटरनेटवरचा क्रमांकी पत्ता) 'इंटर्नल ट्रॅफिक' म्हणून नोंदवा आणि डेटा फिल्टर 'टेस्टिंग'वरून 'अ‍ॅक्टिव्ह' करा. ही शेवटची पायरी पुष्कळांची राहते आणि फिल्टर नुसता नावाला असतो. राउटर बंद-चालू झाला की आयपी बदलू शकतो, मोबाइल डेटावर तर तो स्थिर नसतोच. म्हणून स्वतःचा ब्लॉग बघायचा तो वायफायवरूनच, आणि अधूनमधून आयपी तपासायचा. ब्लॉगरच्या स्टॅट्समध्येही स्वतःची वाचनं न मोजण्याची सोय आहे. ती कुकीवर चालते, म्हणून प्रत्येक ब्राउझरमध्ये वेगळी लावावी लागते.

आता खरा मुद्दा. तुमच्याएवढ्या ब्लॉगला किती माणसं आली यापेक्षा ती कोणता शब्द टाइप करून आली हे कळणं जास्त मोलाचं आहे. ते अ‍ॅनालिटिक्सपेक्षा सर्च कन्सोल (गूगल शोधात तुमची पानं कशी दिसतात ते दाखवणारं गूगलचंच साधन) नीट सांगतं. ब्लॉगचंच गूगल खातं वापरलंत तर ब्लॉगस्पॉटच्या पत्त्याची मालकी सहसा आपोआप सिद्ध होते. 'परफॉर्मन्स' उघडा, मागचे ३ महिने घ्या, 'पेजेस'मध्ये एका पोस्टवर क्लिक करा आणि मग 'क्वेरीज'वर या. वरचे चारही डबे चालू ठेवा: क्लिक, इम्प्रेशन (शोधात तुमचं पान किती वेळा दिसलं), सीटीआर (त्यातल्या किती टक्के वेळा क्लिक झालं), सरासरी क्रमांक. यादी इम्प्रेशनप्रमाणे लावा.

सांबारवडीची पोस्ट घ्या. आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे नागपुरात कुणाला सांगावं लागत नाही. पण तीच वस्तू कोणी 'पुडाची वडी' म्हणून शोधतो, कोणी 'पुडाच्या वड्या', कोणी 'सांबार वडी' असं तोडून, आणि कितीतरी जण हेच सगळं रोमन लिपीत लिहितात. तुमच्या पोस्टमध्ये 'पुडाची वडी' हा शब्द एकदाही नसेल, तर त्या शोधात तुम्ही मागे पडणारच. जे शोध क्रमांक ५ ते १५ च्या दरम्यान आहेत, ज्यांची इम्प्रेशन्स बरी पण क्लिक थोडे आहेत, तिथे हात घाला. शीर्षकात दोन्ही नावं आणा: 'सांबारवडी (पुडाची वडी): वैदर्भी पद्धत'. पहिल्या दोन ओळींत पदार्थ काय आहे ते सरळ सांगा. आजीच्या आठवणी खाली न्या, काढू नका. ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये 'सर्च डिस्क्रिप्शन' चालू केलं की प्रत्येक पोस्टला दीड-दोन ओळींचं वर्णन देता येतं, तेही भरा. गूगल ते दाखवेलच असं नाही, तरी भरा.

प्रत्येक शब्दामागे मात्र धावू नका. यादीत 'सांबार वडा' दिसला तर तो माणूस डाळीच्या सांबारातला वडा शोधतो आहे. 'कोथिंबीर वडी'वाल्यालाही बहुधा उकडून तळलेली वडी हवी असते, पुडात सारण भरलेली नव्हे. त्यांनी क्लिक केलं नाही यात तुमच्या पोस्टचा काही दोष नाही. आणि १२ इम्प्रेशन्समध्ये १ क्लिक म्हणजे ८ टक्के, असले हिशोब मांडू नका. निदान शंभरेक इम्प्रेशन्स झाल्याशिवाय टक्केवारीला अर्थ नसतो.

एका वेळी एकच पोस्ट दुरुस्त करा, तारीख वहीत लिहा, चार आठवडे थांबा, मग २८ दिवसांची आधीच्या २८ दिवसांशी तुलना करा. एका दिवशी दहा पोस्ट बदलल्या तर कशाने काय झालं ते कळत नाही. दर तिसऱ्या दिवशी शीर्षक बदलणाऱ्यालाही काही कळत नाही.

मराठी शीर्षक दिलं की ब्लॉगर पत्त्यात 'ब्लॉग-पोस्ट_२३' असं काहीतरी टाकतो, म्हणून रिपोर्टमध्ये कोणती पोस्ट ते ओळखू येत नाही. तिथे 'पेज टायटल' हा स्तंभ निवडा. यापुढे प्रकाशित करण्याआधीच 'कस्टम परमालिंक'मध्ये रोमन अक्षरांत छोटा पत्ता द्या. देवनागरी पत्ते चालू देणाऱ्या ठिकाणी वेगळीच अडचण असते: लिंक कॉपी केली की एकेका अक्षर-चिन्हाची नऊ अक्षरं होतात. 'नागपूर' या एका शब्दाचीच ५४! जुन्या पोस्टचे पत्ते मात्र बदलू नका. रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्याकडे आपोआप वळवणं) न लावता बदलले तर मिळवलेली जागा जाते.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले वाचक बहुतेक वेळा 'डायरेक्ट'मध्ये, म्हणजे कुठून आले ते न कळलेल्यांत, जमा होतात. वेगळे बघायचे तर ग्रुपवर टाकायच्या लिंकला यूटीएम (वाचक कुठून आला ते सांगणारी, पत्त्याच्या शेवटी जोडायची खूण) जोडा: सोर्स व्हॉट्सअ‍ॅप, मीडियम ग्रुप, कॅम्पेन पोस्टचं नाव, सगळं लहान रोमन अक्षरांत, कारण मोठं-लहान अक्षर वेगळं मोजलं जातं. ब्लॉगच्या आतल्या लिंकना यूटीएम कधीच लावू नका, वाचक मुळात कुठून आला ती नोंद गढूळ होते. शहरांच्या यादीवरही फार विसंबू नका. मोबाइल डेटावरचा धरमपेठेतला वाचक मुंबईत दिसू शकतो.

'स्क्रोल' ही नोंद पानाचा ९० टक्के भाग दिसल्यावर होते. तुमच्या पोस्टखाली प्रतिक्रिया आणि 'हेही वाचा'ची लांब पट्टी असेल, तर शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेला माणूसही त्यात धरला जात नाही. त्यापेक्षा सरासरी एंगेजमेंट वेळ (पान वाचकाच्या समोर उघडं असल्याचा वेळ) बघा, तीही एका पोस्टची तशाच दुसऱ्या पोस्टशी. तर्री पोह्यांची कृती आणि मारबतीवरचा (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणाऱ्या मिरवणुकीवरचा) लेख यांची तुलना होत नाही.

मारबतीवरच्या लेखाचं तर निराळंच. गेल्या वर्षीच्या त्याच तारखांशी तुलना केलीत तर फसाल, कारण पोळा तिथीने येतो: २०२३ मध्ये १४ सप्टेंबर, २०२४ मध्ये २ सप्टेंबर, २०२५ मध्ये २२ ऑगस्ट. अशा पोस्टसाठी 'कम्पेअर'मध्ये तारखा हाताने टाका, दोन्ही वर्षी पोळ्याच्या आधीचे दहा दिवस आणि नंतरचे तीन. लेखात दुरुस्ती करायची असेल तर पोळ्याच्या दीड-दोन महिने आधी करा, म्हणजे लोक शोधू लागतील तोवर गूगलने नवीन मजकूर वाचलेला असेल. सर्च कन्सोल १६ महिन्यांचीच नोंद ठेवतं, म्हणून सण आटोपला की त्या पोस्टचे शोधशब्द 'एक्सपोर्ट' करून शीटमध्ये ठेवा.