‘माझं पोट तर साफ होतं, मग हे औषध कशाला?’

लिव्हरच्या रुग्णांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलणं हे माझं काम. औषध लिहून देणं डॉक्टरांकडे. लिहून दिलेलं औषध घरी गेल्यावर कपाटात का पडून राहतं, ते शोधणं माझ्याकडे. अशा पडून राहणाऱ्या औषधांत लॅक्टुलोजच्या बाटलीचा नंबर फार वर लागतो. ते गोड, घट्टसर पातळ औषध. त्याबद्दलचे प्रश्न तर मला आता तोंडपाठ झालेत. "याची सवय लागते ना?" "आतडी आळशी होतात म्हणे." "एकदा सुरू केलं की जन्मभर मागे लागतं."

त्यातलीच एक गोष्ट सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

काका साठीच्या पुढचे, सिरोसिसचे, म्हणजे लिव्हर आक्रसून कडक होण्याच्या आजाराचे रुग्ण. एकदा गोंधळलेल्या अवस्थेत दाखल झाले, बरे होऊन घरी गेले आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तसेच परत आले. तब्येत सावरल्यावर डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं. निरोप एका ओळीचा: औषध घेत नाहीत, का ते बघा.

एकट्या रुग्णाला समोर बसवून समजावत राहण्यावर माझा विश्वास नाही. औषध एकाच्या पोटात जातं, पण ते घ्यायचं की टाळायचं हे सगळं घर मिळून ठरवत असतं, आणि तेही न बोलता. म्हणून मी काका, काकू आणि मुलगा अशा तिघांनाही बोलावलं.

काकूंनी लगेच तक्रार मांडली. "कितीदा सांगायचं? ऐकतच नाहीत. मग मी गुपचूप पाण्यात घालून देते."

"आणि मला कळत नाही होय?" काका म्हणाले. "गोड लागतं की ते."

मी काकूंना थोडं थांबवलं आणि काकांना विचारलं, "हे औषध कशासाठी दिलंय असं तुम्हाला वाटतं?"

"पोट साफ व्हायला. आणि माझं पोट रोज सकाळी एकदा साफ होतं, घड्याळ लावल्यासारखं. मग जुलाबाचं औषध घेऊन उगीच सवय कशाला लावून घ्यायची?"

त्यांच्या तर्कात खोट नव्हती, त्यांना मिळालेली माहिती तेवढी अर्धी होती. बाटलीवर ‘बद्धकोष्ठतेसाठी’ असंही छापलेलं असतं आणि माणूस तेवढंच वाचतो. हट्टी, ऐकत नाही असा शिक्का बसलेले बरेच रुग्ण खरं तर असा नीट विचार करूनच औषध बंद करतात, हे माझं ठाम मत आहे. त्यांना ‘घ्या’ म्हणणारे पुष्कळ असतात. ‘कशासाठी’ हे सांगायला कोणी थांबत नाही.

मग मी सोप्या शब्दांत सांगितलं. लॅक्टुलोज ही कारखान्यात तयार केलेली एक साखर. माणसाच्या लहान आतड्याला ती पचवता येत नाही, म्हणून ती जशीच्या तशी मोठ्या आतड्यात पोचते. तिथे ती पाणी धरून ठेवते आणि मळ मऊ होतो. बद्धकोष्ठतेला तिचा उपयोग होतो तो असा. पण तिथले जिवाणू ही साखर खातात आणि तिची आम्लं बनवतात. आतड्यात अमोनिया हा विषारी पदार्थ सतत तयार होत असतो. चांगलं लिव्हर तो रक्तातून काढून टाकतं. सिरोसिसमध्ये ते काम नीट होत नाही आणि अमोनिया मेंदूपर्यंत जातो. आतडं आम्लधर्मी झालं की अमोनियाचं रूप बदलतं, तो रक्तात सहज शिरू शकत नाही आणि मळावाटे बाहेर पडतो. लिव्हरच्या रुग्णांमध्ये लॅक्टुलोजचा असा उपयोग १९६६ पासून माहीत आहे.

"म्हणजे काका, तुमच्यासाठी हे पोटाचं औषध नाहीच. डोकं जागेवर ठेवायचं औषध आहे."

काका गप्प झाले. मीही बोलले नाही. अशा वेळी काही तरी बोलून शांतता भरून काढायचा मोह होतो, तो आवरायला मी बरीच वर्षं घालवली आहेत. थोड्या वेळाने मुलाकडे न बघताच त्यांनी विचारलं, "मग त्या रात्री मी याला जे काही बोललो..."

मुलगा खाली बघत राहिला. काय बोलले ते मी विचारलं नाही. एवढंच विचारलं, "त्याच्या आधीचे दोन-तीन दिवस पोट कसं होतं?"

उत्तर काकूंनी दिलं. "गावाला गेलो होतो. वाटेत अडचण नको म्हणून यांनी बाटली घरीच ठेवली. दोन दिवस पोट झालंच नव्हतं. रात्रभर जागे, दिवसा पेंगत होते. सही करायला दिली तर हात थरथरत होता. आम्हाला वाटलं, वय झालं. स्वभाव बिघडला."

मुलगा पहिल्यांदाच बोलला. "मी त्यानंतर बाबांशी नीट बोललोच नाही."

इथे गाठ सुटली. रात्रीची झोप उडणं, दिवसा गुंगी, अक्षर बिघडणं, चिडचिड, हाताचे झटके ही सगळी मेंदूवर परिणाम होऊ लागल्याची लक्षणं असतात. घराने मात्र त्यांचा अर्थ स्वभाव असा लावला होता. माणूस वेगळा आणि त्याला झालेला आजार वेगळा, या एका गोष्टीवर माझ्या कामाचा सगळा डोलारा उभा आहे, आणि त्या दिवशी ती मला सांगावी लागली नाही. बापलेकांनी ती आपापली ओळखली. अर्थात प्रत्येक भांडण अमोनियाच्या खात्यावर टाकायचं नाही, हे काकूंनीच जाता जाता बजावलं.

खरी अडचण पुढच्या भेटीत बाहेर आली. सवयीची भीती हे सांगायचं कारण होतं. आतली भीती होती ती चारचौघांत बसलेलं असताना उठून पळावं लागेल याची. ज्या माणसाने आयुष्यभर घर चालवलं, त्याला आज किती वेळा जाऊन आलात असं बायकोने रोज विचारावं, हेही त्याला सोसत नव्हतं.

म्हणून मोजायचं काम मी काकूंकडून काढून काकांना दिलं. छोटी वही. दिवसभरात शौचाला किती वेळा झालं आणि औषध किती घेतलं, एवढंच लिहायचं. लिव्हरच्या रुग्णांत दिवसातून दोन ते तीन वेळा मऊ शौच व्हावं हे लक्ष्य असतं, म्हणजे काकांचं घड्याळ लावलेलं ‘रोज एकदा’ कमीच होतं. डॉक्टरांकडून एक पट्टा लिहून आणला: दोनपेक्षा कमी झालं तर डोस कुठवर वाढवायचा, तीनपेक्षा जास्त झालं तर किती उतरवायचा. बाहेर जायच्या दिवशी वेळा कशा मागेपुढे करायच्या, हेही काकांनी स्वतः विचारून घेतलं. बाटली घरी विसरणं त्यानंतर थांबलं.

पण घराला घाबरायची सवय लागली की ते दुसऱ्या टोकालाही जातं. एकदा काका जरा सुस्त वाटले म्हणून काकूंनी लागोपाठ जादा डोस दिले. दिवसभरात पाण्यासारखे सहा-सात जुलाब झाले, तोंड कोरडं पडलं आणि सुस्ती आणखी वाढली. जुलाबात शरीरातलं पाणी जातं, पोटॅशियम घसरतं, आणि त्यानेही नेमका तोच गोंधळ होऊ शकतो जो टाळायला औषध दिलेलं असतं. पोटातलं पाणी उतरवायला लघवीच्या गोळ्या चालू असतील तर धोका आणखी जास्त. या औषधात ‘थोडं जास्त दिलं तर काय बिघडतं’ हे चालत नाही, आणि मला चुकवलेल्या डोसइतकीच जादा डोसची धास्ती वाटते.

आता ज्यांना लिव्हरचा काही त्रास नाही, फक्त बद्धकोष्ठता आहे, त्यांच्याविषयी. एक तरुण मुलगी आली होती. "ताई, रात्री घेतलं आणि सकाळी काहीच नाही. म्हणून दुसरं एक घेतलं, मग तिसरं." लॅक्टुलोजला परिणाम दाखवायला एक ते दोन दिवस लागतात, कधी थोडे जास्त. मोठ्यांना सहसा रोज १५ ते ३० मिलि देतात. सुरुवातीला पोट फुगतं, वायू होतो; बऱ्याच जणांत ते काही दिवसांत कमी होतं, नाही तर डोस उतरवता येतो. लिव्हरच्या रुग्णाला डोस याच्या कितीतरी पट असतो, म्हणून एकाची चिठ्ठी दुसऱ्याने वापरू नये. आणि सवयीचं म्हणाल, तर हे आतड्याला डिवचून चालवणारं औषध नाही, पाणी धरून ठेवणारं आहे. औषध बंद केल्यावर त्रास परत येतो तो मूळ कारण तसंच राहिल्यामुळे. तिच्याबाबतीत लोहाच्या गोळ्या चालू होत्या आणि दिवसभर पाणी प्यायचं टाळणं चालू होतं. ते दुसऱ्याच भेटीत कळलं, कारण पहिल्या भेटीत आम्ही दोघी सवयीवरच बोलत बसलो.

काही गोष्टी डॉक्टरांना आपणहून सांगायला हव्यात. गॅलॅक्टोसेमिया, म्हणजे गॅलॅक्टोज ही साखर शरीराला वापरता न येण्याचा जन्मजात आजार, असेल तर हे औषध अजिबात नाही. मधुमेह असेल तर सांगा, कारण यात थोड्या इतर साखरा असतात आणि मोठ्या डोसला ते महत्त्वाचं ठरतं. आम्लपित्ताची औषधं आपल्या मनाने जोडू नका, काहींमुळे आतड्यातलं आम्लच कमी होतं. लिव्हरसाठी घेत असाल तर सोबत दुसरं जुलाबाचं औषधही नको. त्याने मोजणी बिघडते, शौच होत राहतं आणि लॅक्टुलोज पुरेसं नसल्याचं कळत नाही. कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, ठरली असेल तर आधी सांगाच, कारण या औषधाने आतड्यात हायड्रोजन वायू साठू शकतो. झोप येत नाही म्हणून घरच्या घरी झोपेची गोळी तर मुळीच नको, लिव्हरच्या रुग्णाला ती थेट गोंधळात ढकलू शकते. आणि पोट खूप दुखतंय, फुगलंय, उलट्या होतायत, वायूही सरत नाही, अशा वेळी कोणतंही जुलाबाचं औषध न घेता दवाखाना गाठायचा. रक्त पडलं किंवा डांबरासारखं काळं शौच झालं तरीही तेच.

काकूंचा शेवटचा प्रश्न होता, "पुन्हा तसे गुंगीत गेले तर मी लगेच किती देऊ?"

"हाक मारल्यावर नीट ओ देत असतील, गिळता येत असेल, तर लिहून दिलेल्या पट्ट्यात द्या आणि डॉक्टरांना फोन करा. पण डोळे उघडत नसतील, भलतंसलतं बोलत असतील, तर तोंडात एक थेंबही ओतू नका. ते फुप्फुसात जाऊ शकतं. सरळ घेऊन या. हेच औषध तिथे नाकातल्या नळीने किंवा एनिम्याने देता येतं. आणि वही सोबत आणा."

"वही यांच्या खिशात असते," काकू म्हणाल्या. "मला हात लावू देत नाहीत."