पहिल्यांदा मॉडबस जोडताय? मग एकच मीटर लावा आधी

मॉडबस म्हणजे वीज मीटर आणि कॉम्प्युटर यांची एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत. सगळे मीटर एकदम जोडू नका रे, कळकळीने सांगतोय. आधी एकच मीटर, एक यूएसबी कन्व्हर्टर (मीटरच्या ए आणि बी वायर लॅपटॉपच्या यूएसबीला जोडणारा) आणि लॅपटॉप, एवढंच टेबलावर घ्या. बॉड रेट (डेटाचा वेग), पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट), स्टॉप बिट (प्रत्येक बाइटच्या शेवटची खूण) दोन्हीकडे सेम पाहिजेत, एक जरी चुकलं तरी नुसता टाइमआउट (उत्तराची वाट बघून वेळ संपली असा मेसेज) येतो आणि माणूस उगाच वायर तपासत बसतो. रिप्लाय येत नसेल तर ए आणि बी वायर अदलाबदल करून बघा, काही कंपन्या नावं उलटी छापतात, त्याने काही जळत नाही.

खरा घोळ रजिस्टरचा, म्हणजे मीटरमधल्या नंबर दिलेल्या कप्प्यांचा, ज्यात एकेक व्हॅल्यू असते. मॅन्युअलमध्ये ४०००१ लिहिलेलं असतं पण लाइनवर तो पत्ता ० जातो, म्हणून व्हॅल्यू विचित्र आली की एक नंबर मागेपुढे करून वाचा. आणि फ्लोट (दशांश आकडा) असेल तर तो दोन रजिस्टरमध्ये बसतो, म्हणजे २३० व्होल्ट हे हेक्समध्ये (१६ च्या पायातल्या आकड्यांत) ४३६६ आणि ००००, आता हेच दोन वर्ड (एकेका रजिस्टरमधला अर्धा भाग) उलट क्रमाने जोडले की स्क्रीनवर जवळजवळ शून्य दिसतं, मी अख्खा दिवस मीटरच खराब समजत होतो! वर्ड स्वॅप केलं, म्हणजे दोघांचा क्रम बदलला, आणि आकडा लगेच बरोबर आला.

मग बाकीचे जोडा, प्रत्येकाला १ ते २४७ मधला वेगळा पत्ता द्या. केबल एका मीटरवरून दुसऱ्यावर अशी साखळीनेच न्या, फांद्या नकोत. १२० ओहमचे रेझिस्टर फक्त दोन टोकांना, मधल्या मीटरला नाही.