कोल्हापुरात राहून कॅन्सर आणि रक्तवाहिन्यांवर संशोधन करण्यात अर्थ आहे का? पेशंटला त्याचा काही उपयोग होतो का?

होतो. तुम्ही बायोटेकच्या एमएस्सीला आहात आणि घरचे म्हणतात, ‘औषध देतात ते डॉक्टर, तुम्ही नुसते पेपर छापणार.’ हे वाक्य आमच्या घरात मी वर्षानुवर्षं ऐकलंय, म्हणून आधी त्याचाच समाचार घेते. करिअरचं शेवटी बोलू.

कॅन्सरच्या पेशी शेजारच्या रक्तवाहिन्यांना आपल्याकडे कशा ओढून घेतात, हा माझा कामाचा विषय. एमएस्सीचं डिझर्टेशन मी कोल्हापुरातच केलं, कोंबडीच्या अंड्यांवर. अंड्यात गर्भाभोवती जो पातळ पडदा तयार होतो त्यात रक्तवाहिन्या झपाट्याने वाढतात. कवचाला खिडकी पाडायची, ज्या पदार्थाची परीक्षा घ्यायची तो फिल्टर पेपरच्या चकतीवर घालून पडद्यावर ठेवायचा आणि वाहिन्या चकतीच्या दिशेने फुटतात की तिथे विरळ होतात ते बघायचं. मोठमोठ्या लॅबमध्येही हीच पद्धत चालते. अंडी मात्र फलित लागतात, दुकानातली उपयोगाची नाहीत. माझे वडील हातकणंगले बाजूच्या हॅचरीतून ट्रे आणायचे, लुनावर पायाशी भुशाचं खोकं ठेवून, प्रत्येक स्पीडब्रेकरला जवळजवळ थांबत. तेव्हा लोडशेडिंग होतं. वीज गेली की मी इन्क्युबेटरला गोधडी गुंडाळायची आणि थर्मामीटरकडे बघत बसायची, कारण साडेसदतीस अंशांवरून पारा फार उतरला तर सगळी बॅच वाया. तिसऱ्या दिवशी खिडकी पाडली की बलकावर एक लाल ठिपका धडधडताना दिसतो. ते हृदय. ज्याने ते एकदा डोळ्यांनी पाहिलंय त्याला हा विषय सोडवत नाही.

आमचे तात्या, म्हणजे थोरले चुलते, मार्केट यार्डात गुळाचे अडते. सगळ्या भावकीसमोर ते वडिलांना म्हणाले होते, “पोरीला डाक्टर करायचं सोडून अंडी उबवाय लावलीस व्हय?” वडील काही बोलले नाहीत. मला ते फार लागलं आणि अजूनही लागतं.

पुढे काही वर्षांनी काकीला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, तोही लिव्हरपर्यंत पोचलेला. डॉक्टरांनी केमोच्या जोडीला बेव्हॅसिझुमॅब नावाचं इंजेक्शन सुरू केलं. रात्री तात्यांचा फोन आला. “दुसरं एक इंजेक्शन हाय म्हणं. ते कॅन्सरला मारत न्हाई म्हणत्यात, मग द्यायचं कशाला?”

दुसऱ्या दिवशी त्यांच्या सोप्यात बसून मी सगळं सांगितलं. गाठ एक-दोन मिलिमीटरपर्यंत आसपासच्या प्राणवायूवर जगते. त्यापुढे वाढायचं तर तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या लागतात. आतल्या पेशी गुदमरल्या की व्हीईजीएफ नावाचं प्रथिन बाहेर सोडतात आणि त्या हाकेला शेजारच्या वाहिन्यांना नवे फाटे फुटतात. बेव्हॅसिझुमॅब त्या प्रथिनाला पकडून निकामी करतं. कॅन्सरच्या पेशीला ते हातही लावत नाही.

दोन-तीन डोसांनंतर काकीचं बीपी चढलं. तात्यांनी दोष लोणच्याला दिला. मी म्हटलं, लोणचं राहू दे, हे इंजेक्शनचं आहे. व्हीईजीएफ वाहिन्यांना सैल ठेवायलाही मदत करतं, ते अडवलं की बीपी वाढतं. लघवीतून प्रथिन जातंय का तेही तपासून घ्या आणि डॉक्टरांना आजच फोन करा. मग तिची दाढ ठणकायला लागली आणि तात्या ती काढायला तिला गल्लीतल्या दातांच्या दवाखान्यात घेऊन निघाले. मी वाटेतच थांबवलं. जखम भरायला नव्या वाहिन्या लागतात आणि त्याच तर आपण अडवून ठेवल्यात. मोठं ऑपरेशन झालं तर हे औषध निदान 28 दिवस सुरू करत नाहीत, ते याचसाठी. कॅन्सरच्या डॉक्टरांनीही दाढ काढणं थांबवायलाच सांगितलं. अंडी उबवणाऱ्या पोरीला हे ठाऊक होतं ते त्या अंड्यांमुळेच.

काकी अपेक्षेपेक्षा जास्त जगली. नातवाचा दहावीचा निकाल तिने स्वतःच्या हाताने पेढे वाटून साजरा केला. तात्या आजही सगळ्यांना सांगतात, डॉक्टरांनी हात दिला. दिलाच, मी कुठे नाही म्हणते? पण डॉक्टरांच्या हातात ती बाटली आली कुठून? ज्यूडा फोकमन या बॉस्टनच्या सर्जनने 1971 मध्ये लिहिलं की गाठीच्या रक्तवाहिन्या रोखता येतील. पुढची कित्येक वर्षं बहुतेकांनी ते मनावर घेतलं नाही. 1983 मध्ये हॅरोल्ड ड्वोरॅक यांच्या गटाला गाठीतून पाझरणारं एक प्रथिन सापडलं. 1989 मध्ये नेपोलिओने फेरारा यांनी व्हीईजीएफ वेगळं केलं आणि दोन्ही एकच निघाली. 1993 मध्ये त्याविरुद्धच्या अँटिबॉडीने, म्हणजे त्याला पकडणाऱ्या प्रथिनाने, उंदरांमधल्या गाठींची वाढ रोखली. अमेरिकेत बेव्हॅसिझुमॅबला मंजुरी मिळाली 2004 मध्ये. म्हणजे 1971 पासून 33 वर्षं, आणि त्यातली बरीचशी लॅबमधल्या बाटल्या, उंदीर आणि अंडी यांच्यासोबत गेलेली. ‘नुसते पेपर’ म्हणतात ते हेच. मधुमेहाने डोळ्याचा पडदा सुजलेल्या माणसाला डोळ्यात इंजेक्शन देतात ना, तेही याच कामातून आलं. तुमच्या घरच्यांच्या ओळखीत असं इंजेक्शन घेतलेलं कोणीतरी निघेलच, त्यांना विचारायला सांगा.

आता दुसरी बाजू, तीही स्पष्टच. या औषधाने असा पसरलेला कॅन्सर बरा होतो असं जो सांगेल तो फसवतोय. 1998 मध्ये अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी फोकमन यांच्या उंदरांवरच्या प्रयोगांवरून इतका गाजावाजा केला की पेशंट रांगा लावायला लागले. माणसात तसं झालं नाही. ज्या चाचणीवर मंजुरी मिळाली तिच्यात नुसत्या केमोवरचे निम्मे पेशंट 15.6 महिन्यांहून जास्त जगले, इंजेक्शन जोडलेल्यांतले निम्मे 20.3 महिन्यांहून जास्त. जवळजवळ पावणेपाच महिन्यांचा फरक. मला तो मोठा वाटतो, कारण एका घरात तो काय असतो ते मी बघितलंय. पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरसाठी दिलेली मंजुरी मात्र अमेरिकेने 2011 मध्ये काढून घेतली, तिथे आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. आणि काकी एकटी म्हणजे पुरावा नव्हे. इंजेक्शनाशिवाय ती किती जगली असती हे कोणीच सांगू शकत नाही. तुमच्या नात्यात कोणी आजारी असेल तर माझ्या उत्तरावरून काही ठरवू नका, कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा.

संशोधनाला अजून भरपूर जागा आहे ती इथेच. एक वाट बंद केली की गाठ दुसरी शोधते, किंवा जुन्याच वाहिन्यांना बिलगून वाढते. गाठीतल्या वाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात, त्यामुळे केमोही आत नीट पोचत नाही. आयआयटी कानपूरला शिकलेले आणि हार्वर्डमध्ये काम करणारे राकेश जैन यांनी मांडलं की व्हीईजीएफ रोखल्यावर या वाहिन्या काही काळ सरळ होतात आणि तेवढ्यात केमो आत जाऊ शकतं. हा काळ नेमका कधी आणि किती, हे माझ्या मते या विषयातलं सगळ्यात कामाचं कोडं आहे.

राहिला कोल्हापूरचा प्रश्न. एमएस्सीचं काम इथे बिनधास्त करा, अंड्यांवरचे प्रयोग छान होतात आणि खर्चही कमी. पीएचडीला मात्र बाहेर पडा असं माझं मत, पुण्याचं एनसीसीएस (पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था) किंवा खारघरचं ॲक्ट्रेक (टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र). त्यासाठी नेट परीक्षेची फेलोशिप काढाच. विनाफेलोशिप पीएचडी करू नका, घरचे दोन वर्षांत लग्नाचा विषय काढतील आणि हातात पैसे नसले की भांडताही येत नाही. गाइड निवडताना त्यांचे पेपर मोजू नका. त्यांच्याकडच्या मुलांना एकट्यात गाठून विचारा की सेल कल्चरचा इन्क्युबेटर शेवटचा कधी बंद पडला होता आणि दुरुस्तीला किती दिवस लागले.