‘तिथे सगळे आपलेच असतील ना, आंटी?’

असं विचारून तू माझी झोप उडवलीस. तू ठाण्याचा बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी, बायको मराठी हिंदू, मुलगी सहा वर्षांची, आणि पुढच्या वर्षी आलिया करून, म्हणजे ज्यू म्हणून स्थलांतर करून, कायमचं इस्राएलला यायचा बेत. हिब्रूचे वर्ग, सुरुवातीच्या महिन्यांची सरकारी मदत, हे सगळं स्थलांतराचं काम बघणारे एजन्सीवाले सांगतीलच. हल्ल्याचे सायरन तू बातम्यांत ऐकतोसच. मी फक्त तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. नाही, सगळे आपले नसतात. आणि ‘आपले’ कोण, यावर तर इथे सकाळ-संध्याकाळ भांडण चालू असतं.

मी रामल्यात राहते. तेल अवीवच्या जवळचं, जुन्या बाजाराचं गाव. आमच्या इमारतीत तळमजल्यावर जॉर्जियाचं कुटुंब. त्यांच्यासमोर इथिओपियाचं, 1991 साली दीड दिवसात विमानांनी 14,000 वर माणसं आणली, त्यांच्यातलं. वर मोरोक्कोची म्हातारी. तिला माझी आमटी आवडते, पण मिरची कमी घाल म्हणून दर वेळी ओरडते. दोन गल्ल्या सोडून अरब राहतात, मुसलमान आणि ख्रिश्चन दोन्ही. शिवाय गावात कराई नावाच्या ज्यू पंथाचं मुख्य केंद्र आहे. हे लोक तोरा हा मूळ धर्मग्रंथ मानतात, नंतरच्या धर्मगुरूंचं तालमूद मानत नाहीत. त्यांच्या सिनेगॉगमध्ये चपला बाहेर काढून गालिच्यावर प्रार्थना करतात. पहिल्यांदा दारातली चपलांची रांग बघितली तेव्हा मला आपल्याकडचं देऊळच आठवलं. उत्तरेला गॅलिली आणि कार्मेलकडे गेलास तर द्रुझ भेटतील, अरबी बोलणारे पण वेगळ्या धर्माचे. त्यांचे मुलगे 1956 पासून सक्तीची लष्करी नोकरी करतात, आणि 2018 साली देश फक्त ज्यूंचं राष्ट्रीय घर असल्याचा कायदा झाला तेव्हा हेच लोक तेल अवीवच्या चौकात उतरले होते. दक्षिणेला नेगेवच्या वाळवंटात बेदुइन, मूळचे भटके अरब. सगळं सांगत बसले तर रात्र पुरायची नाही.

आता हिशेब बघ. देशाची लोकसंख्या एक कोटीच्या घरात. शंभरातले 73-74 ज्यू, 21 च्या आसपास अरब. उरले पाच-सहा. त्या पाच-सहांत तुझी बायको आणि मुलगी मोडतील.

हे तुला तिथे कोणी नीट सांगणार नाही, कारण कागदावर सगळं ठीक असतं. ज्यूंना इथे येऊन नागरिक होऊ देणारा परतीचा कायदा 1950 चा. 1970 साली तो वाढवला, त्यामुळे ज्यू माणसाच्या बायकोला, मुलांना, नातवंडांनाही नागरिकत्व मिळतं. सूनबाईला मिळेल, मुलीला मिळेल. पण रब्बींचं, धर्मगुरूंचं, खातं वेगळं. तिथे आई ज्यू आहे का ते बघतात. मुलगी इथेच शिकेल, सैन्यात जाईल, कर भरेल, आणि लग्नाच्या वेळी तिला सांगतील, तू आमच्यात नाहीस. नोंदणी लग्न म्हणून इथे काही नाही, ज्याचं त्याचं धर्मपीठच लग्न लावतं. मग पोरं सायप्रसला जाऊन लग्न करून येतात आणि सरकार ते मुकाट्याने नोंदवतं. सोव्हिएत युनियन मोडल्यावर आलेल्यांत असे काही लाख आहेत. आमच्या वरच्या मजल्यावरचा रशियन इंजिनिअर त्यातलाच. हिब्रू माझ्यापेक्षा फर्डं बोलतो.

बायकोने धर्मांतर करायचं म्हणशील तर ते होतं. पण धर्मन्यायालय घर बघतं, शनिवार पाळता का विचारतं, मुलीला धार्मिक शाळेत घालाल का विचारतं. तिला ते मनापासून हवं असेल तर गोष्ट वेगळी. केवळ तुझ्यासाठी करणार असेल तर आधी तिच्याशी बोल, आणि ठाण्यातच बोल. इथे आल्यावर भांडायला माहेरही जवळ नसतं.

आम्ही दोघंही बेने इस्राएल, म्हणून आमचं सोपं गेलं असेल असं तुला वाटेल. माझ्या आजीचं नाव जन्मदाखल्यावर सारा, केतुब्यावर (लग्नाच्या करारावर) साराबाई आणि रेशनकार्डावर सारूबाई. आजी एकच, कागदांवर तीन निघाल्या. एका कार्यालयातल्या बाईने मला विचारलं, यातली तुमची कोणती? प्रतिज्ञापत्र, शिक्का, भाषांतर, परत शिक्का, आणि मग म्हणे भाषांतरकार मान्यताप्राप्त नाही. तेव्हा मूळ कागद कुणाच्या हातात ठेवून येऊ नकोस, आणि सिनेगॉगचं पत्र आत्ताच घे, ओळखणारी म्हातारी माणसं आहेत तोवर.

आणि शाळा. इथे शाळाही वेगवेगळ्या: सरकारी, सरकारी-धार्मिक, कडव्यांच्या स्वतःच्या, अरबांच्या अरबी माध्यमाच्या. आम्ही मुलाला सरकारी-धार्मिक शाळेत घातलं. सातवीत पोरांना घराण्याच्या मुळांवर प्रकल्प करायला लावतात. त्याने जीव ओतून केला. कोकणात नवगावला फुटलेलं आपल्या पूर्वजांचं जहाज, आजोबांच्या आजोबांचा तेलाचा घाणा, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक म्हणायचे शनवार तेली. मलिद्याचा फोटो लावला: भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, भोवती फळं, प्रेषित एलियाहू हनाबीच्या नावाने. बाईंनी तो वर्गासमोर वाचला आणि विचारलं, पण हे लोक नक्की ज्यू होते का?

मी शाळेत गेले. मुख्याध्यापक म्हणाले, त्यांचा तसा उद्देश नव्हता. मी त्यांना 1962 चं सांगितलं. तेव्हा मुख्य रब्बींच्या कार्यालयाने फतवा काढला होता की बेने इस्राएलांचं लग्न लावायचं तर आईकडच्या पिढ्या तपासा. आपली माणसं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली, आणि 1964 साली संसदेला सांगावं लागलं की हे पूर्ण ज्यू आहेत, बरोबरीचे आहेत. मुख्याध्यापकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पाणी विचारलं. प्रकल्पाला 95 मार्क पडले. पाच कशाचे कापले ते मला अजून कळलेलं नाही. मुलगा आता मोठा झाला, तो हसतो, म्हणतो आई सोड आता. मी सोडत नाही. आमच्यासारख्यांना हे विचारलं, तर तुझ्या मुलीला काय विचारतील?

एकटेपणाचं विचारलंस. येतो आणि जातो. रविवारी कामावर जायचं असतं, इथे सुट्टी शनिवारची.

अरबांचंही विचारलंस, जरा घाबरतच. माझ्या बीपीच्या गोळ्या जो देतो तो अरबच आहे. इथे औषधाच्या दुकानात आणि इस्पितळात अरब नाहीत असं होतच नाही. मे 2021 मध्ये शेजारच्या लोदमध्ये आणि रामल्यात ज्यू-अरब दंगल झाली, गाड्या जळल्या. नंतर दुकान उघडलं तेव्हा मी गेले. त्याने गोळ्या दिल्या, डोस परत समजावला, जो मला पाठ आहे. उन्हाळा फार आहे म्हणालो दोघं. दंगलीचं ना त्याने काढलं, ना मी. तसंच चालू आहे.

मग यावं की नाही? मला विचारू नकोस, माझा त्यात स्वार्थ आहे. खाली एक फ्लॅट रिकामा होतोय, आणि सूनबाईशी मराठीत गप्पा मारायला मिळतील म्हणून मी हो म्हणून बसेन. तिलाच विचार. आणि हे सगळं वाचून दाखव तिला, त्या पाच-सहा टक्क्यांचंसुद्धा.