रीडिस्ट्रिब्यूशन करताना टॅग आधी लावा

रिप आणि ओएसपीएफ या दोन रूटिंग प्रोटोकॉलमध्ये दोन राउटरवर दोन्ही दिशांनी रीडिस्ट्रिब्यूशन (एकाचे रूट दुसऱ्यात टाकणं) करणार असाल, तर फिल्टर सुरुवातीपासूनच हवा. सिस्कोवर रिपचं अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (कोणत्या प्रोटोकॉलचा रूट धरायचा ते ठरवणारा आकडा; कमी तो जिंकतो) 120 आणि ओएसपीएफचं 110. पहिल्या राउटरने रिपचा रूट ओएसपीएफमध्ये टाकला की दुसरा राउटर मूळ रिपचा रूट सोडून ओएसपीएफचा धरतो आणि तोच परत रिपमध्ये ढकलतो. तिथे तुम्ही दिलेलं मेट्रिक (वाटेची किंमत) खऱ्या हॉप काउंटपेक्षा, म्हणजे वाटेतल्या राउटरच्या संख्येपेक्षा, कमी असलं, की लूप झालाच म्हणून समजा; पॅकेट गोल फिरत राहतात.

प्रीफिक्स-लिस्टनेही (नेटवर्कच्या पत्त्यांच्या यादीनेही) हे अडवता येतं, पण नवं नेटवर्क आलं की दर वेळी यादी सुधारत बसावं लागतं. त्यापेक्षा टॅग, म्हणजे रूटवर लावलेला खुणेचा आकडा, बरा. रिपमधून ओएसपीएफकडे जाणाऱ्या रूट-मॅपमध्ये (रूट अडवायच्या-सोडायच्या नियमांची क्रमवार यादी) डिनाय 10 खाली मॅच टॅग 110, मग परमिट 20 खाली सेट टॅग 120. उलट दिशेला 120 अडवा, 110 लावा. दोन्ही राउटरवर अगदी हेच. परमिट 20 विसरलात तर रूट-मॅपच्या शेवटी असलेल्या अध्याहृत डिनायमुळे एकही रूट पुढे जात नाही. आणि रिप व्हर्जन 2 च घ्या; व्हर्जन 1 मध्ये टॅगला जागाच नाही.

टॅगमुळे लूप थांबतो, पण दुसरा राउटर लांबच्या वाटेनेच जात राहतो. त्यासाठी दोन्हीकडे ओएसपीएफ एक्स्टर्नलचं (ओएसपीएफमध्ये बाहेरून आलेल्या रूटचं) डिस्टन्स 120 च्या वर न्या, समजा 130. मात्र ओएसपीएफमध्ये इतर ठिकाणांहूनही एक्स्टर्नल रूट येत असतील तर हे सरसकट करू नका. तेच रूट रिपमार्गे आले तर 120 वाला जिंकेल.

ओएसपीएफखाली इनची डिस्ट्रिब्यूट-लिस्ट (येणारे रूट गाळणारी यादी) लावून भागेल असं समजू नका. ती फक्त त्या राउटरचं रूटिंग टेबल गाळते, एलएसए (ओएसपीएफ राउटर एकमेकांना पाठवतात ते माहितीचे संदेश) पुढे जातातच.