'आठवण' हा विषय घेऊन माध्यमिक शाळेतल्या मुलांना शिल्पकला कशी शिकवावी?

तुम्ही लिहिलंय की १३ ते १६ वयाच्या मुलांना "आठवणीवर शिल्प करा" असं सांगितल्यावर बहुतेकांनी केक, ट्रॉफी आणि बदामाचे आकार केले. आता पाच-सहा तास हातात आहेत, त्यात काय करता येईल, असा प्रश्न आहे.

विषय असा मोघम दिला की मुलांना आधी चित्र सुचतं आणि ते मातीत उतरवायला घेतलं की ओळखीची चिन्हंच हाताला लागतात. म्हणून पहिल्या तासाला "आठवण" हा शब्दसुद्धा उच्चारू नका. सुरुवात हातापासून करा.

प्रत्येकाला मुठीत मावेल एवढा, साधारण ३०० ग्रॅम मातीचा गोळा द्या. घरातली रोज हाताळायची एक वस्तू, म्हणजे दाराची कडी, नळ, एखादा डबा, ती समोर नसताना १५ मिनिटांत करायला सांगा. खोडणं नाही, विचारणं नाही. ते काम ओल्या फडक्यात आणि वरून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा. घरी जाऊन त्या वस्तूकडे नीट बघायचं, हात फिरवायचा, मोबाइलवर फोटो काढायचा नाही. पुढच्या तासाला तीच वस्तू पुन्हा करायची आणि दोन्ही शेजारी ठेवायच्या.

सगळा विषय या दोन वस्तूंमधल्या फरकात आहे. पहिल्या कामात कडी दारापेक्षा मोठी झालेली असते, स्क्रू गायब असतात, झाकणाला नसलेली मूठ आलेली असते. जिथे हात रोज पडतो तो भाग फुगतो, बाकीचा पुसला जातो. इथे मुलांना सांगा की प्रमाण बदलणं, गाळणं, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करणं आणि जागा रिकामी सोडणं ही शिल्पकाराची अवजारं आहेत आणि ती त्यांनी नकळत वापरली आहेत. पहिलं काम "चुकलं" म्हणून दुरुस्त करू देऊ नका. माझ्या मते दोन्हींतलं तेच जास्त मोलाचं आहे.

तिसऱ्या तासाला ठसा: वस्तू मातीत दाबायची आणि त्या खळग्यावर प्लास्टर ओतून फरशी करायची. प्रत्येकाने घरून एक छोटी वस्तू आणायची: चावी, बटण, लेसचा तुकडा, जुन्या चपलेचा तळ. माणसांचे फोटो नकोत. ते ठशात उतरत नाहीत आणि मुलं पुन्हा चित्राकडे वळतात. जपून ठेवलेली वस्तू असेल तर तिच्यावर पातळ प्लास्टिक ताणून दाबा. बारीक रेषा थोड्या बोथट होतात, पण वस्तू माखत नाही.

मातीची १४ × १४ सेंमीची, २ सेंमी जाडीची लादी थापा. त्याला एक किलोच्या आत माती लागते. वस्तू जेमतेम १ सेंमी खोल दाबा. याहून खोल गेली तर तळाशी माती उरत नाही आणि प्लास्टर खालून गळतं. भोवती पुठ्ठ्याच्या ४ सेंमी उंच पट्टीची १२ × १२ सेंमीची चौकट मातीत खोचा आणि बाहेरून मातीची वळी दाबून फटी बुजवा. इथे आळस केला की अर्ध्या वर्गाच्या बाकांवर प्लास्टर पसरतं.

प्लास्टरच्या २ सेंमी जाडीच्या एका फरशीला २०० मिली पाणी आणि २८० ग्रॅम प्लास्टर ऑफ पॅरिस पुरतं. ४० मुलांना सुमारे ११ ते १२ किलो लागेल, थोडं जास्तच आणा. आधी पाणी घ्या, मग त्यात प्लास्टर चाळणीने किंवा मुठीने भुरभुरवा. दोन मिनिटं भिजू द्या, मग तळापासून हळू ढवळा. जोरात फेटलं की हवा शिरते आणि फरशीवर भोकं पडतात. मिश्रणाचा चमच्यावर पातळ थर राहू लागला की ओता. पहिला हात ब्रशने ठशाच्या कोपऱ्यांत फिरवा, बाकीचं एका बाजूने सोडा आणि बाक हलकेच ठोका, म्हणजे बुडबुडे वर येतात. एका वेळी चार-पाच मुलांपुरतंच कालवा. सगळ्या वर्गाचं एकदम कालवलं तर शेवटच्या रांगेपर्यंत पोचेतो ते बादलीतच घट्ट होतं. घट्ट होऊ लागलेल्यात पाणी घालू नका, फरशी भुसभुशीत होते.

अर्ध्या तासाने चौकट काढून माती सोलायची. दाबलेलं उंच होतं, डावं उजवं होतं, अक्षरं उलटी येतात. ज्यांना शब्द हवा असेल त्यांनी तो मातीत आरशातल्यासारखा उलटा कोरावा. प्लास्टरचे कण मिसळलेली माती वेगळ्या पोत्यात ठेवा. तिची वस्तू भट्टीत घातली तर ते कण नंतर ओल शोषून फुगतात आणि कपचे उडतात.

आता सुरक्षिततेचं, आणि यात तडजोड नको. प्लास्टर घट्ट होताना तापतं. जाड थरात ते त्वचा भाजण्याइतकं तापतं आणि घट्ट झाल्यामुळे हात बाहेरही काढता येत नाही. इंग्लंडमध्ये २००७ साली एका शाळकरी मुलीने प्लास्टरमध्ये हात बुडवले आणि तिची बहुतेक बोटं गेली. हाताचा साचा हवा असेल तर अल्जिनेटच वापरा, म्हणजे दातांचे डॉक्टर ठसा घ्यायला वापरतात ती पाण्यात कालवायची पावडर. ते काही मिनिटांत जमतं, पण पाणी सुटून आकसतं, म्हणून त्याच तासात त्यात प्लास्टर ओता. भुकटी मोजताना मास्क हवा. उरलेलं प्लास्टर बेसिनमध्ये ओतू नका. हात आणि भांडी बादलीत धुवा, गाळ बसला की वरचं पाणी काढून गाळ कचऱ्यात टाका.

चौथ्या तासाला पोकळी. हा भाग सगळ्यांत कसदार आहे, त्याला वेळ द्या. आधी ब्रिटिश शिल्पकार रेचल व्हाइटरीड यांच्या 'हाउस' या शिल्पाचे फोटो दाखवा. त्यांनी १९९३ मध्ये पूर्व लंडनमधल्या एका घराच्या आतल्या बाजूने काँक्रीट चढवलं आणि मग बाहेरच्या भिंती उतरवल्या. खोल्यांमधली हवाच घन होऊन उभी राहिली. जानेवारी १९९४ मध्ये ते पाडण्यात आलं. मुलांना विचारा, इथे माणूस दिसत नाही, तरी कुणीतरी राहत होतं हे कशावरून कळतं? मग त्यांनी छोट्या खोक्याची, रबरी हातमोज्याची किंवा पाकिटाची आतली जागा ओतायची. भांडं लवचीक हवं. प्लास्टर घट्ट होताना किंचित फुगतं आणि ताठ डब्यात अडकून बसतं. पुठ्ठ्याच्या खोक्याला बाहेरून चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर पोट सुटतं.

उरलेल्या तासांत ठसा, पोकळी आणि पहिल्या दिवशीची वस्तू यांतल्या कोणत्याही दोन एकत्र ठेवून एक रचना करायची. काय झाकायचं, काय अर्धं तोडायचं, किती अंतर ठेवायचं हे मुलांनी ठरवावं. रंग शक्यतो नको. हवाच असेल तर फरशी आठवडाभर वाळल्यावर पातळ मातकट पाणी फिरवून फडक्याने पुसा, खोलगट भागातच रंग उरतो.

वर्गात कुणाच्या घरी नुकताच मृत्यू झालेला असू शकतो, कुणाचं घर सुटलेलं असू शकतं. वस्तू आणायला सांगाल त्याच दिवशी स्पष्ट करा की तिची गोष्ट कुणालाही सांगावी लागणार नाही, आणि जागेची किंवा हाताच्या सवयीची आठवणही चालेल. गुण भावनेला देऊ नका. काय मोठं केलं, काय गाळलं, का, एवढंच विचारा. ज्याला बोलायचं नाही त्याने दोन ओळी लिहून द्याव्यात, त्याही फक्त वस्तूबद्दल.