हौशी मासेमारीच्या बोटीसाठी रास्टर चार्ट (डिजिटल सागरी नकाशा) घ्यावा की व्हेक्टर?

व्हेक्टर घ्या. रास्टर म्हणजे कागदी नकाशाचा स्कॅन. झूम केलं की अक्षरं नुसती मोठी होतात, माहिती वाढत नाही. व्हेक्टरमध्ये खोली, खडक वगैरे वेगवेगळ्या नोंदी म्हणून साठवलेले असतात, म्हणून झूमप्रमाणे तपशील कमी-जास्त होतो. पण आधी तुमचा प्लॉटर (बोटीवर चार्ट दाखवणारं यंत्र) कोणतं चार्टचं मेमरी कार्ड वाचतो ते बघा, नाहीतर पैसे पाण्यात (अक्षरशः!).

मासेमारीला खरी गरज समखोली रेषांची, म्हणजे सारख्या खोलीच्या जागा जोडणाऱ्या रेषांची. त्या जितक्या दाट, तितके तळाचे उंचवटे आणि उतार स्पष्ट दिसतात, आणि मासे बहुधा तिथेच घुटमळतात. मात्र गुळगुळीत रेषांवर भाळू नका, त्यामागचं सर्वेक्षण फार जुनंही असू शकतं.

व्हेक्टरची एक खोड: झूम कमी असेल तर एखादा खडक पडद्यावरून गायब होतो. म्हणून निघण्याआधी सगळा मार्ग जवळून तपासा.